सहा पाठींची काठी

आमच्या घरात एक काठी खुंटीला टांगलेली असते. ती भिंतीला टेकवून उभी करायची नाही, हा नियम. का ते मी सोडून कुणालाच धड माहीत नव्हतं. यंदा गणपतीच्या सुट्टीत नातवंडं आली आणि पहिल्याच संध्याकाळी धाकटीनं त्या कापडी पिशवीची नाडी सोडली. दूर्वा निवडायचं काम तसंच टाकून दोघं माझ्यापुढे येऊन बसली.

"आजोबा, हे काय आहे?"

"गळाची काठी. मासे धरायची."

"पण आपल्याकडे तर मासे कुणी खात नाही!" थोरला म्हणाला.

खरं होतं ते. माझे वडील माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पायी पंढरपूर. त्यांनी मासा कधी खाल्ला नाही, धरला तर नाहीच. तरी ही काठी आली ती त्यांच्याच हातून. मग मी मुलांना तिची गोष्ट सांगितली. तीन संध्याकाळी पुरली.

आम्ही अकोल्याचे, म्हणजे प्रवरेकाठच्या अकोल्याचे, विदर्भातल्या नव्हे. वर भंडारदऱ्याला धरण बांधलं जात होतं तेव्हा माझे वडील तिथल्या कोठीवर कारकून होते. सिमेंट किती आलं, पहारी किती गेल्या, हे लिहून ठेवायचं काम. १९२६ साली धरण पुरं झालं, विल्सन धरण असं त्याचं नाव पडलं, आणि कामावरची माणसं पांगली. त्यातल्या एका इंग्रज साहेबानं सामान आवरताना ही काठी वडिलांच्या हातात ठेवली. नदीकाठचा माणूस, मासे धरत असेल, असं त्याला वाटलं असावं. वडिलांनी ती दोन्ही हातांनी घेतली, घरी आणली आणि कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभी केली. दर दसऱ्याला इतर हत्यारांबरोबर तिलाही झेंडूचं फूल मिळायचं. असे चाळीस पावसाळे ती कोपऱ्यात उभी राहिली.

वडील गेल्यावर मी ती पिशवीतून काढली. तीन तुकडे, शिवाय शेंड्याचा एक जास्तीचा तुकडा. एकात एक बसवले की साडेदहा फूट लांब. मुठीच्या वर वार्निशखाली बारीक शाईची इंग्रजी अक्षरं होती : ॲलनविक, इंग्लंड, आणि एक शब्द, पालाकोना. ॲलनविक हे इंग्लंडच्या अगदी उत्तरेकडचं छोटं गाव. तिथे १८७२ पासून हार्डी बंधूंचा गळाच्या काठ्यांचा कारखाना होता आणि पालाकोना ही त्यांच्या बांबूच्या काठीची छाप. हे मला पुढे पुस्तकांतून कळलं. त्या दिवशी दोनच गोष्टी दिसल्या होत्या. काठी गोल नव्हती, तिला सहा कडा होत्या. आणि शेंड्याचा तुकडा जमिनीवर ठेवला तर धनुष्यासारखा वाकडा पडत होता.

मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचो. तरी ती काठी घेऊन मी गेलो तो बाजारतळावरच्या म्हाताऱ्या बुरुडाकडे. सुपं, टोपल्या, रवळ्या विणण्यात त्याचा सगळा जन्म गेलेला. त्यानं काठी डोळ्यांजवळ धरली, नखानं एका कडेवरून रेघ ओढत खालपर्यंत आला आणि म्हणाला, "मास्तर, या सहा कामट्या आहेत, चिकटवलेल्या. हिला पोट नाही. सगळी पाठ आहे."

मला ते वाक्य कळायला वेळ लागला. मुलांना कळावं म्हणून मी परसातला जुना बांबू कोयत्यानं उभा चिरला आणि एक कामटी धाकटीच्या हातात दिली. बाहेरची हिरवट, गुळगुळीत बाजू ही पाठ. आतली पांढुरकी, भुसभुशीत बाजू म्हणजे पोट. तिला म्हटलं, दोन्हीकडे नख मारून बघ. पोटात नख रुतलं, पाठीवरून घसरलं.

बांबूच्या भिंतीत बारीक दोऱ्यांसारखे तंतू उभे लावलेले असतात. दोऱ्यांच्या मधली जागा मऊ पेशींनी भरलेली. पण तंतू सगळीकडे सारखे पेरलेले नसतात. पाठीकडे त्यांची दाटी, पोटाकडे विरळ वस्ती. कित्येक जातींत पाठीला निम्म्याहून जास्त भाग तंतूंचा असतो आणि पोटाला जेमतेम पंधरा-वीस टक्के. सगळा जोर कातडीच्या लगत साठवलेला.

"असं का?" थोरल्यानं विचारलं.

त्याच्या कंपासपेटीतलं लांबडं खोडरबर मागून घेतलं. बाजूवर पेनानं जवळजवळ उभ्या रेघा मारल्या आणि ते वाकवायला सांगितलं. वरच्या अंगाला रेघा एकमेकींपासून फाकल्या, खालच्या अंगाला दाटल्या, आणि बरोबर मध्ये होत्या तशाच राहिल्या. कुठलीही काठी वाकते तेव्हा हेच होतं. एक अंग ताणलं जातं, दुसरं दाबलं जातं, मधला भाग नुसता बसून असतो. वाऱ्याशी झुंज घ्यायची ती बाहेरच्या अंगानं. मग मधल्या भागावर माल कशाला खर्चायचा? बांबूनं मध्ये काहीच ठेवलं नाही, पोकळी ठेवली. वाकताना नळी चपटी होऊन मोडू नये म्हणून दर पेराला आडवा पडदा घातला. आणि जोरदार तंतू नेले पाठीला. वजनास वजन धरलं तर बांबूची ही पाठ ताण सोसण्यात साध्या पोलादाला मागे टाकते. इतकी वर्षं हे शिकवूनही बांबूचा आडवा छेद पाहिला की माझा हात अजून तिथे थांबतो.

काठी करणाऱ्या कारागिरानं एवढंच केलं. बांबू चिरला, पोट तासून टाकलं, पाठीच्या सहा कामट्या घेतल्या. प्रत्येकीचा छेद साठ अंशांच्या कोनांचा त्रिकोण. सहा त्रिकोणांची टोकं मध्ये जोडली की साठ गुणिले सहा, तीनशे साठ, वर्तुळ भरलं. सहाही पाठी बाहेरच्या बाजूला आल्या. नळीची पोकळी गेली, भरीव काठी झाली, पण बारीक झाली, आणि कुठल्याही बाजूनं वाकवली तरी ताण झेलायला पाठच समोर. "हिला पोट नाही." बुरुडानं नखानं ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूर्वा निवडताना मी त्यांना आणखी एक गंमत दाखवली. दूर्वेचा कोवळा शेंडा हलकेच ओढला की पेरातून सुळकन निघतो, आणि त्याचं बूड पांढरं, रसाळ असतं. वाढ होते ती तिथे, पेराच्या बुडाशी. झाड टोकाला वाढतं. गवत तळालाही वाढतं. म्हणून गाय गवताचा शेंडा खाऊन जाते आणि आठ दिवसांत ते पुन्हा उभं राहतं. आता परसात चला, म्हटलं.

आमच्या परसात कळकाचं बेट आहे. भाद्रपदात त्यातून कोंब निघतात, तपकिरी टोपड्यात गुंडाळलेले, मनगटापेक्षा जाड. विदर्भात अशा कोवळ्या कोंबांना वास्ते म्हणतात आणि त्यांची भाजी करतात. धाकटीनं एका कोंबाशेजारी काठी रोवून टोकाच्या उंचीला लाल दोरा बांधला. दुसऱ्या सकाळी कोंब दोऱ्याच्या वीतभर वर गेला होता. ती धावत मला बोलवायला आली.

"आजोबा, एवढं मोठं झाड एका रात्रीत?"

"झाड नाही ते. गवत आहे."

दूर्वा, गहू, ज्वारी, ऊस, बांबू, सगळे एका कुळातले. आपल्या सरकारलाही हे मान्य करायला वेळ लागला. १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडांत धरला होता, त्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू तोडून न्यायलाही शेतकऱ्याला परवाने लागत. २०१७ साली कायदा दुरुस्त झाला आणि वनाबाहेरचा बांबू झाडांच्या यादीतून निघाला. माझ्या मते ही दुरुस्ती फार आधी व्हायला हवी होती.

कोंब जमिनीतून डोकं काढतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते. झाडाच्या सालीखाली दरवर्षी नवं लाकूड धरणारा जो थर असतो तो बांबूला नाही. त्यामुळे बांबू कधीच जाड होत नाही. सगळी पेरंसुद्धा कोंबात आधीच असतात, घडीच्या छत्रीच्या दांड्यासारखी एकात एक दडपून. मग प्रत्येक पेर आपल्या बुडाशी लांबायला लागतं, अनेक पेरं एकाच वेळी, म्हणून हा झपाटा. बांबूच्या काही जाती दिवसाला ९१ सेंटिमीटरपर्यंत वाढल्याची नोंद आहे. अन्न पुरवतात ते बेटातले थोरले बांबू, जमिनीखालच्या गड्ड्यांच्या जाळ्यातून. दोन-चार महिन्यांत उंची पुरी होते. पण तेव्हा तो नुसता उंच असतो, पक्का नाही. त्यानंतर तीन ते पाच वर्षं तंतूंच्या भिंतीवर लिग्निनचे थर चढत राहतात. बुरूड कोवळा बांबू घेत नाही तो यासाठी. थोरला यंदा अचानक माझ्या खांद्याच्या वर गेलाय, त्यानं हे ऐकून आपल्या मनगटाकडे बघितलं.

मग प्रश्न आला, आपल्या काठीचा बांबू कुठला? मला फार वर्षं वाटायचं, आपल्याकडचाच असणार. वाटायला कारणही होतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतले कारागीर हिंदुस्थानातून जाणारा बांबू वापरत. तो कलकत्ता बंदरातून जहाजावर चढे म्हणून त्याला कलकत्ता बांबूच म्हणत. त्याच्या पाठीवर आगीनं भाजल्याचे काळपट डाग असत आणि त्या जुन्या काठ्या त्या डागांवरून अजून ओळखता येतात. मी भिंग घेऊन आमच्या काठीचं वार्निश इंच इंच पाहिलं. एक डाग नाही. रंग साजूक तुपासारखा एकसारखा, आणि गाठी अगदी बेताच्या.

हा चिनी बांबू. दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात, ह्वायजी भागातल्या डोंगरउतारांवर होणारा. व्यापारी त्याला टाँकिन म्हणत. टाँकिन हा तर उत्तर व्हिएतनामचा मुलूख, नाव चुकीचंच पडलं आणि तसंच टिकलं. कँटनच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या फ्लॉइड मॅकक्ल्यूर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञानं १९३१ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. त्यातला अमाबिलिस हा शब्द लॅटिन, त्याचा अर्थ मनोहर, लोभस. इतका सरळ, लांब पेरांचा आणि पाठीला इतक्या दाट तंतूंचा बांबू पाहून त्या माणसाला दुसरं नाव सुचलं नसावं. तिथे बांबू तोडला की नदीकाठी ओल्या वाळूनं घासून उजळवत, उन्हात वाळवत, विस्तवावर शेकून सरळ करत आणि मोळ्या बांधून नदीमार्गे बंदराला नेत. म्हणजे साहेबाच्या हातात येण्याआधी आमची काठी कुणा चिनी बायकामाणसांच्या ओल्या हातांखालून गेली होती. भंडारदऱ्याला आली तेव्हा तिनं दोन समुद्र पाहिलेले होते.

इतक्यात स्वयंपाकघरातून मुलांची आजी बाहेर आली. ती मालवणची. तिचं म्हणणं, "एवढं कशाला हवं? आम्ही माणग्याची काठी घ्यायचो, सावलीत सुकवायचो, टोकाला दोरी आणि गरी. भाऊ नि मी खाडीवर गरवायला जायचो." माणगा हा कोकणातला बांबू, जवळजवळ भरीव, काटे नसलेला. तिचंही खरंच होतं. माणग्याच्या अख्ख्या काठीतही पाठ बाहेरच असते. पण अख्ख्या बांबूचा निमुळतेपणा निसर्गानं दिलेला, तो बदलता येत नाही. सहा कामट्यांच्या काठीत तो कारागिराच्या हातात येतो.

इथे मुलांना जरा गणित सांगावं लागलं. काठीची जाडी दुप्पट केली तर तिचा ताठपणा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन. म्हणजे केसाएवढा फरक पडला तरी वाक बदलतो. म्हणून कामट्या तासताना माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात घेतात. आणि एक पथ्य अगदी कडक : रंधा मारायचा तो त्रिकोणाच्या आतल्या दोन बाजूंवर. पाठीवरची वरची चकाकी तेवढी खरवडायची, तिच्याखालच्या तंतूंना हात लावायचा नाही. तासायच्या आधी गाठी शेकून दाबून सपाट करायच्या, कारण गाठीपाशी तंतू वेडेवाकडे वळतात आणि काठी मोडली तर तिथेच मोडते. चिकटवताना शेजारशेजारच्या गाठी एका रेषेत येणार नाहीत असं मागंपुढं सरकवायचं. थोरल्यानं भिंगातून सहा कडांवरच्या गाठी मोजल्या आणि सांगितलं, खरंच, शेजारी शेजारी एकही नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युअल फिलिप हा बंदुका आणि व्हायोलिनं बनवणारा कारागीर १८४० च्या दशकात अशा चिरलेल्या बांबूच्या काठ्या करू लागला होता. पुढे हायरम लेनर्डनं सहा कामट्यांची काठी यंत्रावर तासायला घेतली आणि ती सगळीकडे पसरली. व्हायोलिनवाल्याला हे सुचलं याचं मला नवल वाटत नाही. पातळ लाकूड आणि सरस यांच्याशी ज्याची दोस्ती, त्याचंच हे काम.

बाकीचे भाग मुलांनी स्वतः शोधले. तुकडे जोडायच्या नर-मादी नळ्या पांढऱ्या धातूच्या. "चांदी!" धाकटी ओरडली. चांदी नव्हे, जर्मन सिल्व्हर. आजीच्या जुन्या ताटांचाच धातू : तांबं, जस्त आणि निकेल, चांदीचा कणही नाही. नळ्या इतक्या नेमक्या बसतात की ओढून काढताना बाटलीच्या बुचासारखा टप् आवाज येतो. हा आवाज दोघांना इतका आवडला की मला ते थांबवावं लागलं. मूठ बुचाच्या लाकडाची. खरं तर ते लाकूड नव्हेच, पोर्तुगाल-स्पेनकडच्या एका ओक झाडाची साल. झाड न तोडता दर नऊएक वर्षांनी ती सोलून काढतात आणि झाड पुन्हा नवी धरतं. १६६५ साली रॉबर्ट हूकनं सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा काप धरला तेव्हा त्याला मधाच्या पोळ्यासारखी खोपटी दिसली, आणि त्यानं त्यांना दिलेलं नाव आपण अजून पेशीसाठी इंग्रजीत वापरतो. हवेनं भरलेल्या त्या बंद खोपट्यांमुळे मूठ हलकी, थंडीत हाताला गार न लागणारी आणि ओली झाली तरी न निसटणारी.

शेंड्याच्या टोकाला दोरी जायची कडी आहे, तिच्या आत दुधी-तांबूस दगडाचं वळं. तो अकीक. धातूच्या कडीला दोरी घासून घासून खाचा पडतात, अकीक पोलादी सुरीलाही दाद देत नाही. थोरल्यानं विचारलं, हा पण चीनचा का? कुठला का असेना, म्हटलं, उद्या ओढ्यात चल. आपला सगळा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेली सिलिका थरावर थर साचत गेली, तो अकीक. दुसऱ्या दिवशी तो खिसाभर गारगोट्या घेऊन आला, त्यांतल्या दोन खरंच पट्ट्यापट्ट्यांच्या निघाल्या.

कड्या बांधल्यात रेशमी धाग्यानं, वर वार्निश. आणि रेशमाची एक गोष्ट सांगताना मी जरा थबकलो, पण सांगितली. नायलॉन यायच्या आधी गळाजवळची शेवटची अदृश्य दोरी रेशमाच्या किड्याची असे. कोश विणायच्या बेतात आलेला किडा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवत, त्याच्या पोटातली रेशमाची ग्रंथी काढून हातांनी लांब ताणत आणि सुकवत. स्पेनमधल्या मुर्सिया भागात हा मोठा धंदा होता. आमच्या पिशवीच्या कप्प्यात अशा दोऱ्यांचं एक वेटोळं निघालं होतं, काचेसारखं ठिसूळ. वापरायच्या आधी ते पाण्यात भिजवून मऊ करावं लागे. धाकटीनं ते हातात घेतलं नाही. तिच्या पणजोबांनीही घेतलं नसतं.

साहेब धरायचा तो मासा बहुधा महाशीर. आपल्या दख्खनच्या महाशीराचं वर्णन कर्नल साईक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून १८३९ साली केलं आणि इथलंच नाव त्याला दिलं, खुद्री. तळहाताएवढाले खवले, प्रवाहाविरुद्ध उड्या घेणारा. धरणं झाली, त्याच्या अंडी घालायच्या वाटा अडल्या, आणि नद्यांतून तो आटत गेला. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी गेली कित्येक दशकं त्याची पिल्लं तयार करून सोडली जातात. ज्या धरणामुळे ही काठी आमच्या घरी आली, तसल्याच धरणांनी तिचा मासा अडवला.

आता तो नियम. चाळीस पावसाळे भिंतीला टेकलेल्या काठीला वाक का आला? धाकटी म्हणाली, थकली असेल. शब्द बरोबर आहे तिचा. वाकवलेला बांबू क्षणभरानं सोडला तर पुरता सरळ होतो. पण तोच हलका वाक वर्षानुवर्षं तसाच ठेवला तर तंतूंच्या मधला लिग्निन-हेमिसेल्युलोजचा मसाला कणाकणानं सरकतो आणि नवी जागा धरतो. त्यात आमच्या डोंगराकडचा पाऊस. पावसाळ्यात काठी ओल पिते, उन्हाळ्यात टाकते, आणि प्रत्येक पिण्या-टाकण्यात थोडी आणखी सरकते. शिवाय कामट्या जोडल्या होत्या सरसानं, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या. सुका सरस फार घट्ट, पण ओल लागली की पुन्हा मऊ. एका सांध्याजवळ वार्निश तडकलं होतं आणि तिथे दोन कामट्यांच्या मध्ये नख जाईल एवढी फट पडली होती.

बुरुडाला म्हटलं, शेकून सरळ करता येईल ना? तो रोज काठ्या शेकायचा. त्यानं मान हलवली. "विस्तवावर धरली तर सरस सुटेल." मग त्यानं कंदील पेटवला, वात बारीक केली, आणि कंदिलाच्या काचेच्या वर हातभर अंतरावर तो शेंडा फिरवत राहिला. गरम नाही, कोमट. मधूनमधून दोन्ही हातांनी उलट वाक देऊन धरायचा, निवेपर्यंत सोडायचा नाही. हे त्यानं चार संध्याकाळी केलं. फटीत पातळ सरस सोडून वर रेशीम गुंडाळलं. पैसे द्यायला गेलो तर म्हणाला, असली कामटी मी कधी तासली नाही, हातात आली हेच पुष्कळ. थोडा वाक अजून आहे. तो मी मुद्दाम काढला नाही.

जुनी दोरी चिकट होऊन कुजली होती. नवी माझ्या मुलानं आणून दिली. तीच लावून, चौथ्या दिवशी उघडीप मिळाली तेव्हा, आम्ही ओढ्यावरच्या बंधाऱ्यावर गेलो. टोकाला गळ नाही. लाल लोकरीचा गोंडा.

ही काठी पिसांची खोटी माशी फेकायची. माशीला वजन नसतं, म्हणून फेकायची ती दोरी, आणि दोरीच वजनदार करतात. काठी इथे एकाच वेळी तरफ आणि स्प्रिंग असते. दोरी आधी पाठीमागे हवेत पसरायची, ती पुरती उलगडली की तिच्या ओढीनं काठी वाकते, मग पुढे झोकायची आणि एकदम थांबवायची. काठी सरळ होते आणि दोरीचा फास पुढे पळत सुटतो. पोतराजाचा आसूड आठवा. जसजसा हलणारा भाग लहान होत जातो तसतसा वेग टोकाशी गोळा होतो. आसुडाचं टोक आवाजाच्या वेगाच्याही पुढे जातं, म्हणून फटकारा ऐकू येतो. इथे फटकारा वाजला तर घाई झाली असं समजायचं.

थोरल्यानं घाई केली. तीनदा फटकारा वाजला, तीनदा गोंडा त्याच्याच पायांशी. आजच्या कार्बनच्या काठ्या हलक्या असतात, झटकन उलटतात, त्यांवर कदाचित जमलं असतं. बांबू जड, त्याचं झुलणं संथ, त्याच्या चालीनंच चालावं लागतं. धाकटी पुढे आली. तिच्या मुठीवर मी माझी मूठ ठेवली. ते बुचाचं लाकूड माझ्या वडिलांच्या दसऱ्याच्या हळदीकुंकवानं एका बाजूला अजून पिवळसर आहे.

"मागे नेल्यावर थांबायचं. किती, ते मोजायचं नाही. मनात सावकाश विठ्ठल म्हण, मग पुढे."

तिनं मागे नेली. ओठ हलले. काठी माझ्या तळव्याखाली मुळापर्यंत वाकल्याचं मला कळलं, सहाही पाठी एकदम. मग ती सरळ झाली, दोरी डोक्यावरून निघून गेली, उलगडत, उलगडत, आणि गोंडा पाण्यावर टेकला तेव्हा एकच बारीक वर्तुळ उठलं.

ती पुन्हा म्हणाली, पुन्हा झालं. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

घरी आल्यावर तिनं तुकडे सोडवले, टप्, टप्, एकेक कोरड्या फडक्यानं पुसला, पंख्याखाली तासभर ठेवला, मगच पिशवीत घातला. थोरल्यानं पिशवी उचलली आणि खुंटीकडे जाता जाता क्षणभर भिंतीशी ठेवू लागला.

"टेकवू नकोस," ती म्हणाली.